समोर माणूस हवा: सांकेतिक भाषेच्या शिक्षणाविषयी एक प्रतिवाद

भारतीय सांकेतिक भाषा शिकण्यासाठी आता वर्गाची गरज उरलेली नाही, मोबाइल पुरेसा आहे, असे मत अलीकडे वारंवार मांडले जाते. या मताला आधार नाही असे नाही. २८ सप्टेंबर २०१५ रोजी दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. या केंद्राच्या चित्रफितींच्या शब्दकोशात २०१८ साली ३,००० शब्द होते, २०१९ साली ६,००० झाले आणि फेब्रुवारी २०२१च्या तिसऱ्या आवृत्तीत १०,००० झाले. ऑक्टोबर २०२०मध्ये एनसीईआरटीशी करार होऊन शालेय पुस्तके सांकेतिक भाषेत आणण्याचे काम सुरू झाले. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने २०२१ साली भारतीय सांकेतिक भाषा हा माध्यमिक स्तरावरचा भाषा विषय केला. डिसेंबर २०२४पासून पीएम ई-विद्या या शैक्षणिक उपक्रमाची ३१ क्रमांकाची दूरचित्रवाणी वाहिनी याच भाषेला वाहिलेली आहे. यातले बहुतेक फुकट आहे आणि जालना शहरात जितके मिळते तितकेच मंठा तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरही मिळते.

यावरून पुढचा युक्तिवाद तयार होतो. जालना जिल्ह्यात आठ तालुके आणि साडेनऊशेच्या वर गावे आहेत. कर्णबधिर माणसे विखुरलेली आहेत आणि शिकवणारे जवळपास नाहीत. अशा ठिकाणी प्रत्यक्ष वर्गाचा आग्रह धरणे म्हणजे हाती असलेले सोडून नसलेल्यामागे धावणे, असे सांगितले जाते. यातली माहिती खरी आहे, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. माणसे विखुरलेली आहेत म्हणूनच त्यांना एकत्र आणणारी जागा लागते, आणि जिथे भाषा बोलणारे कमी, तिथे पडद्यावरून भाषा रुजण्याची शक्यताही सर्वांत कमी.

आधी व्याप्ती पाहू. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात श्रवणदोष असलेल्यांची नोंद सुमारे पावणेपाच लाख होती. जालन्याची लोकसंख्या तेव्हा १९ लाख ५९ हजार होती. राज्याच्याच प्रमाणाने हिशेब केला तर जिल्ह्यात आठ हजारांच्या आसपास माणसे येतात. त्यांत उतारवयात ऐकू येईनासे झालेले पुष्कळ, आणि त्यांना सांकेतिक भाषेची गरज सहसा नसते. ते वगळले की गावागणिक एखाददुसरे मूल किंवा तरुण उरतो. गावात त्याच्यासारखा दुसरा कोणी नसतो, आई-वडील ऐकणारे असतात, भावंडे ऐकणारी असतात. ही स्थिती काही जालन्यापुरती नाही. अमेरिकेतल्या पाहण्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक कर्णबधिर मुले ऐकणाऱ्या आई-वडिलांच्या पोटी जन्मलेली आढळतात. म्हणजे बहुतेक मुलांना घरात त्यांची भाषा येणारे कोणीच नसते. बोलल्या जाणाऱ्या भाषांच्या वाट्याला सहसा असे येत नाही. मराठी मूल मराठी आईकडून मराठी उचलते. इथे आईलाच आधी भाषा शिकावी लागते, तीही मुलाचे वय निसटून जाण्याच्या आत.

आईने ती मोबाइलवरून शिकावी, हा सल्ला कुठे तोकडा पडतो हे समजण्यासाठी भाषेची घडण पाहावी लागते. १९६० साली अमेरिकेत विल्यम स्टोकी यांनी दाखवून दिले की सांकेतिक भाषेतला शब्द हे हाताने काढलेले चित्र नसते. हाताचा आकार, खूण जिथे केली जाते ती जागा आणि हालचाल अशा घटकांनी तो बनतो. तळहाताची दिशा हा घटक पुढच्या अभ्यासकांनी जोडला. यातला एक घटक बदलला की शब्द बदलतो. त्याखेरीज चेहरा आहे. भारतीय सांकेतिक भाषेत होय-नाही असे उत्तर मागणारा प्रश्न भुवया उंचावून आणि डोके किंचित पुढे झुकवून विचारला जातो. आईने "औषध घेतलेस" या खुणा अचूक केल्या आणि चेहरा कोरा ठेवला, तर मुलापर्यंत प्रश्न पोहोचत नाही, विधान पोहोचते. मग मूल उत्तर देत नाही. आईला वाटते, त्याला कळले नाही किंवा ते हट्ट करते आहे. चित्रफीत तिला भुवया दाखवते, पण तिच्या स्वतःच्या भुवया हलल्या नाहीत हे सांगत नाही. समोर बसलेला कर्णबधिर शिक्षक ते पहिल्या मिनिटात सांगतो. बरेचदा सांगावेही लागत नाही, कारण तोही उत्तर न देता बघत राहतो.

अवकाशाचा वापर हा याहून अवघड भाग. सांकेतिक भाषेत बोलणारा आपल्यापुढच्या मोकळ्या जागेत माणसे मांडतो. सासू डावीकडे ठेवली, दुकानदार उजवीकडे ठेवला, की 'दिले' ही खूण कोणाकडून कोणाकडे गेली यावरून कर्ता आणि कर्म कळतात. पुढे दहा वाक्यांनंतर नुसते बोट डावीकडे गेले तरी सासूचाच उल्लेख असतो. सपाट पडद्यावर या मांडणीची खोली जाते. शिकणारा समोरची आकृती आरशासारखी उचलतो आणि डावे-उजवे उलटते. वर्गात एकाच खुणेकडे बाजूने, मागून, शेजारून पाहता येते. दोघे बोलत असताना तिसऱ्याने ऐकण्याची, म्हणजे पाहण्याची, संधीही वर्गात मिळते, आणि मूल भाषा शिकते ते काही अंशी अशा दुसऱ्यांच्या बोलण्यातूनही.

शब्दकोश या कशालाच हात घालत नाही. तसा त्याचा दावाही नाही. वाक्याची घडण ज्याला येते त्याला अडलेला शब्द सापडावा, यासाठी तो आहे, आणि त्या कामाला तो उत्तम आहे. मराठी माणसाचा मात्र त्यावरून एक विशिष्ट घोटाळा होतो. प्रश्नवाचक खूण वाक्याच्या शेवटी येते, क्रियापद कर्मानंतर येते, हे पाहून त्याला वाटते की ही मराठीच आहे, फक्त हातांनी केलेली. मग तो मराठी वाक्य मनात धरून एकेका शब्दाची खूण शोधतो आणि ओळीने लावतो. असे वाक्य कर्णबधिर माणसाला निम्मे-अर्धे कळते, तो सवयीने मान डोलावतो, आणि शिकणाऱ्याचा समज पक्का होतो. पडद्यापुढे हा समज वर्षानुवर्षे टिकू शकतो.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती सर्वांत कमी बोलली जाते. ऐकणारे मूल वाटीकडे बघत असताना आईचा "वाटी" हा शब्द ऐकते. कर्णबधिर मुलाला एकतर वाटी दिसते नाहीतर आईचे हात दिसतात. कर्णबधिर आया ही अडचण सहज सोडवतात. त्या मुलाच्या खांद्याला स्पर्श करतात, खूण त्याच्या नजरेच्या टप्प्यात नेतात, वस्तूला लागून करतात, आणि ते वर पाहीपर्यंत थांबतात. थांबणे हा यातला मोठा भाग आहे. ऐकणाऱ्या आईला हे अंगवळणी पडायला वेळ लागतो, कारण तिची सवय मुलाच्या पाठीमागूनही बोलत राहण्याची असते. हे कौशल्य शब्दकोशाच्या कोणत्याच नोंदीत बसत नाही, ते घरात आलेल्या कर्णबधिर माणसाच्या वागण्यातून उचलावे लागते. आणि ते जागेप्रमाणे बदलते. पाय आपटून हाक मारण्याची पाश्चात्य देशांतली रीत लाकडी जमिनीवर चालते. शहाबादी फरशीवर किंवा सारवलेल्या जमिनीवर कंप पोहोचत नाही, तिथे हात हलवावा लागतो किंवा दिव्याचे बटण चालू-बंद करावे लागते.

पडद्यावरून भाषा शिकण्याच्या मर्यादेबद्दल प्रयोगातून मिळालेला पुरावाही आहे. पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषेची बारा सत्रे दिली. ज्या बाळांशी चिनी भाषक प्रत्यक्ष खेळले, त्यांना त्या भाषेतले ध्वनिभेद ओळखता येऊ लागले. ज्यांना तेच बोलणे, तीच माणसे चित्रफितीवर दाखवली, त्यांना काहीच आले नाही. हा प्रयोग बोलीभाषेवरचा आहे आणि बाळांवरचा आहे, त्यामुळे तो प्रौढांना जसाच्या तसा लावता येत नाही. पण २०१८ साली याच गटाने केलेला पुढचा प्रयोग अधिक बोलका आहे. पडद्यापुढे दोन बाळे एकत्र बसवली तेव्हा चित्रफितीतूनही काही शिकले गेले. पडदा तोच होता, शेजारी माणूस आल्याने फरक पडला.

इतिहासही हेच सांगतो. १८८० साली मिलान येथे भरलेल्या बधिर-शिक्षणाच्या परिषदेने खुणांऐवजी तोंडी बोलण्याच्या पद्धतीचा ठराव केला आणि तो जगभर पसरला. मुंबईत माझगावला बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने देशातली पहिली मूकबधिर शाळा निघाली ती १८८५च्या सुमारास, म्हणजे या ठरावाच्या ऐन भरात. पुढचे जवळजवळ शतकभर भारतातल्या वर्गांमध्ये खुणांना प्रतिष्ठा नव्हती. तरीही भाषा मेली नाही. वसतिगृहात, मैदानात, जेवणाच्या पंगतीत मोठ्या मुलांनी ती लहानांना दिली. पुस्तक नाही, शिक्षक नाही, वर मनाई, आणि तरी एक संपूर्ण भाषा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. १९७०च्या दशकाच्या अखेरीस वशिष्ठ, वुडवर्ड आणि विल्सन हे अभ्यासक दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि बंगळूर येथील खुणा तपासू लागले, तेव्हा त्यांना चारही ठिकाणच्या शब्दसंग्रहाचा मोठा भाग परस्परांशी नाते सांगणारा आढळला. हे नाते टिकवायला ना शब्दकोश होता ना वाहिनी. 

एकत्र येण्यातून भाषा टिकते तशी ती नव्याने घडतेही, याचा दाखला निकाराग्वाचा आहे. मनाग्वा शहरात १९७७ साली विशेष शिक्षणाची शाळा सुरू झाली, पाठोपाठ कर्णबधिर किशोरांसाठी व्यवसायशाळा आली. आलेली मुले घराघरांतून आपापल्या मोडक्यातोडक्या खुणा घेऊन आली होती, एकाची दुसऱ्याला कळत नव्हती. शिक्षकांनी त्यांना स्पॅनिश शिकवण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला. मुलांनी मात्र काही वर्षांत आपसात एक नवी भाषा घडवली, आणि नंतर आलेल्या लहान मुलांनी तिला व्याकरण दिले. आज भोकरदन किंवा जाफराबाद तालुक्यातल्या एकट्या मुलाकडे नेमके तेवढेच असते जेवढे त्या मुलांकडे पहिल्या दिवशी होते: जेवण, पाणी, गुरे, शेत, मोठा भाऊ, शाळा यांच्या घरगुती खुणा. त्यांच्याने आज भागते, काल सांगता येत नाही, आणि "पाऊस आला नसता तर" हे तर मुळीच नाही.

मुंबईतला अनुभव शहरी आहे, पण त्यातून जिल्ह्यांना शिकण्यासारखे आहे. अनेलीस कुस्टर्स या कर्णबधिर संशोधिकेने २००९ साली मुंबईच्या लोकलमधल्या अपंगांच्या डब्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. कर्णबधिर प्रवासी ठरवून तो डबा आणि ठरावीक गाडी धरतात, पुढच्या स्टेशनवर मित्र चढतात, बातम्या, नोकऱ्या, लग्ने, भांडणे सगळे तिथे चालते. नवखा मुलगा त्या डब्यात भाषा शिकतो. जालन्याला लोकल नाही. जिल्ह्यातले कर्णबधिर तरुण निवासी शाळेत असेपर्यंत सोबतीत असतात आणि शाळा संपली की कोणी मोसंबीच्या बागेवर, कोणी बीजोत्पादनाच्या शेडनेटमध्ये, कोणी पोलाद कारखान्यात विखुरतात. आता ते व्हॉट्सॲपवर एकमेकांशी बोलतात, आणि ही सोय मोलाची आहे. मात्र हा दाखला मोबाइल पुरेसा आहे असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने जात नाही. थेट व्हिडिओ-कॉलवर पलीकडे उत्तर देणारा माणूस असतो, आणि तो वापरता येतो तो ज्याला भाषा आधीच येते त्याला. शिकण्याची चित्रफीत यातले काहीच देत नाही.

आता दुसऱ्या बाजूचा आणखी एक मुद्दा, जो पालकांना सर्वांत जवळचा वाटतो: कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने बसवायचे श्रवणयंत्र, आल्यावर खुणा कशाला? केंद्र सरकारच्या एडिप योजनेत लहान मुलांच्या या शस्त्रक्रियेसाठी मदत मिळते, आणि वेळेवर झालेल्या शस्त्रक्रियेने अनेक मुले बोलू लागतात. पण तपासणी, यादी, शस्त्रक्रिया, यंत्राची जुळणी आणि मग वर्षानुवर्षांचे वाचा-उपचार यांत जो काळ जातो तोच भाषेचा काळ असतो. जुळणीसाठी शहराच्या फेऱ्या माराव्या लागतात, यंत्राची वायर तुटते, बॅटरी संपते. त्या काळात मुलाकडे काही तरी भाषा असणे हा शहाणपणाचा भाग आहे. खुणा शिकल्याने बोलणे मागे पडते ही भीती जुनी आहे, ती सिद्ध झालेली नाही. हातमोजे घालून खुणांचे आवाजात रूपांतर करणाऱ्या यंत्रांबद्दल तर फार लिहिण्याची गरज नाही. ती हात वाचतात आणि चेहरा सोडून देतात, म्हणजे व्याकरणाचा मोठा भाग सोडून देतात.

पालकांखेरीज आणखी एका ठिकाणी पडद्यावरचे शिक्षण धोक्याचे ठरते, ते म्हणजे न्यायालय आणि पोलीस ठाणे. बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराला लिहून किंवा खुणांनी साक्ष देता येते, अशा वेळी न्यायालयाने दुभाष्याची किंवा विशेष शिक्षकाची मदत घ्यावी आणि जबाबाचे चित्रीकरण व्हावे, अशी तरतूद २०१३च्या दुरुस्तीने साक्षीच्या कायद्यात आली आणि भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती कायम आहे. परतूर किंवा घनसावंगीच्या एखाद्या गावातली, शाळेचे तोंडही न पाहिलेली मुलगी साक्षीला आली, तर तिच्याकडे शब्दकोशातली एकही खूण नसेल. तिच्या घरगुती खुणांमधून अर्थ काढणे हे अनेक प्रकारच्या कर्णबधिर माणसांत वावरलेल्यालाच जमते, आणि बहुतेक वेळा त्याच्या जोडीला स्वतः कर्णबधिर असलेला दुसरा दुभाषी लागतो. दहा हजार खुणा पाठ असलेला पण कोणाशी न बोललेला माणूस इथे मदत करत नाही. तो आत्मविश्वासाने चुकीचा जबाब नोंदवून देतो.

राहिला प्रश्न शिक्षक कुठून आणायचे हा. हाच आक्षेप खरा वजनदार आहे. त्याचे उत्तर जिल्ह्यातच आहे: निवासी शाळांतून बाहेर पडलेले, ही भाषा अस्खलित वापरणारे तरुण. त्यांना शिकवण्याचे प्रशिक्षण देणारा सांकेतिक भाषा-अध्यापनाचा पदविका अभ्यासक्रम देशात आहे आणि तो कर्णबधिर उमेदवारांसाठीच आहे. मुंबईत वांद्र्याला १९८३पासून कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६च्या कलम १७मध्ये सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक, त्यांत दिव्यांग शिक्षकही, प्रशिक्षित करून नेमण्याची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग काढला. कायदा, संस्था आणि विभाग तिन्ही असताना "शिक्षक नाहीत" हे वाक्य निसर्गाची स्थिती सांगितल्यासारखे उच्चारणे बरोबर नाही. शिक्षक नाहीत याचा अर्थ नेमलेले नाहीत.

जागा आणि पैसा या अडचणी त्यामानाने लहान आहेत. प्रत्येक तालुक्याला शिक्षण विभागाचे गट साधन केंद्र आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी गावोगावची माणसे तालुक्याला येतातच, त्याच दिवशी दोन तासांचा वर्ग ठेवला तर वेगळी फेरी पडत नाही. एस.टी.त दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चायचा असतो, आणि त्यातून शिक्षकाचे मानधन निघू शकते. निधी नसणे ही अडचण कमी, वापर ठरवलेला नसणे ही जास्त. फक्त वेळापत्रक जिल्ह्याच्या जगण्याप्रमाणे हवे. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीनंतर बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्या कुटुंबांतल्या मुलांसाठी आणि आयांसाठी वर्गाचा जोर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत असायला हवा.

चित्रफितींचे काम इथून पुढे सुरू होते. टोळीबरोबर कारखान्याच्या तळावर गेलेली आई चार महिन्यांत शिकलेले विसरू नये म्हणून मोबाइल उघडेल, अडलेला शब्द शोधेल, शिक्षकाला व्हिडिओ-कॉल लावेल. शाळेत भाषा पक्की झालेल्या मुलाला ३१ क्रमांकाच्या वाहिनीवरचा विज्ञानाचा पाठ कळेल. पण वर्गाचे फळ किती खुणा आल्या यावर मोजता येणार नाही, कारण ते मोजमाप शब्दकोशाचे आहे. काल काय झाले हे मूल सांगू लागले तर ते आईला कळते का, आणि तिने त्यावर विचारलेला दुसरा प्रश्न मुलाला कळतो का, एवढे पाहावे लागेल. ते पाहायला दहा मिनिटे आणि एक कर्णबधिर परीक्षक पुरतो.